विडा दे, पुडी!

ह्यांनी कबड्डीत सगळा जन्म एकच काम केलं. दुसऱ्याचा हात धरून उभं राहायचं.

कबड्डीच्या संघात सात गडी असतात. समोरचा एक जण दम घेऊन चढाईला येतो आणि या सातांनी त्याला परत जाऊ द्यायचं नसतं. उजव्या कोपऱ्यातला गडी सूर मारून त्याचा पाय धरतो. तो सूर लोकांना दिसतो, टाळ्या त्याला मिळतात. पण कोपऱ्याच्या शेजारी, त्याचा हात धरून उभा असलेला आणखी एक गडी असतो. पाय धरला रे धरला की तो आपलं सगळं अंग चढाईवाल्याच्या आणि मधल्या रेषेच्या मध्ये घालतो. त्याने ते घातलं नाही तर धरलेला पाय निसटतो. हे तो शेजारचा गडी होते. दहा हंगाम. भोंग्यावर बोलणाऱ्याने दहा हंगामांत ह्यांचं नाव चार वेळा घेतलं, त्यातलं दोनदा चुकीचं.

ह्यांना त्याचं काही नव्हतं. ह्यांचा हट्ट वेगळा होता. एकही सामना चुकवायचा नाही, आणि सामना चालू असताना राखीव गड्याला जागा देऊन बाहेर बसायचं नाही. साताऱ्याकडे गावच्या तालमीत शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांनी ह्यांना सांगितलं होतं, "हात धरणाराच गैरहजर राहिला, तर कोपऱ्याने काय वारा धरायचा?" ते डोक्यात बसलं ते बसलंच. आणि तो हट्ट अगदी शेवटच्या सामन्यात माझ्यामुळे मोडणार होता. ते लिहून ठेवावंसं वाटतं. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत. तिला तमिळ आणि इंग्रजी भराभर वाचता येतं, मराठी जोडाक्षराशी ती अडखळते, त्यामुळे कोणी वाचेल ही भीती नाही.

ह्यांना खेळावर चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात नोकरी लागली होती. सकाळी मशीनवर, दुपारनंतर मैदानात. लग्न होऊन मी आवडीच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. चौथी शिकलेली, त्यात लाजरी. भाजीवाली आली की मी दाराआड उभी राहून ती जायची वाट बघायची, मग शेजारच्या मामींकडून दोन वांगी उसनी आणायची. मामी तंजावरच्या. त्यांची मंडळी कित्येक पिढ्या तिकडेच राहिलेली, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्या पणजीच्याही आधीचं वाटायचं आणि त्याला चाल मात्र तमिळ. "जेवण झालेंआ?" असं विचारायच्या. शेवटच्या त्या 'आ'मुळे पहिले दोन दिवस मला वाटलं त्या खोकतायत.

पहिला सामना बघायला मामीच मला घेऊन गेल्या. चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीमागे मोकळं मैदान होतं, लाल माती चाळून, पाणी मारून तयार केलेलं. समुद्राचा वारा यायचा. माझ्या पिशवीत सासूबाईंनी गावाहून दिलेली भंडाऱ्याची पुडी होती, वर्तमानपत्राच्या कागदाची, दोऱ्याने बांधलेली. त्यांनी निघताना बजावलं होतं, "सामन्याआधी खंडोबाच्या नावाने विडा दे, पुडीतला भंडारा कपाळाला लाव, मगच मैदानात पाठव." मी पानाचा विडाही करून आणला होता. पण मैदानाकडे बघते तर नुसते पुरुष, तेही अर्धे उघडे. माझी काही छाती झाली नाही. मी विडा आणि पुडी पिशवीत तशीच ठेवून मामींच्या मागे बसले.

सामना सुरू झाला. समोरचा गडी चढाईला आला, ह्यांच्या कोपऱ्याने त्याचा पाय धरला, हे मध्ये पडले, आणि सगळं मैदान एका सुरात ओरडायला लागलं.

"विडादे! पुडी! विडादे! पुडी!"

शे-दोनशे माणसं, मला कधी न पाहिलेली, आणि त्यांना ठाऊक होतं की मी विडा दिला नाही, पुडी लावली नाही! सासूबाईंनी कोणाला पत्र टाकलं की काय? पुन्हा चढाई, पुन्हा तेच. "विडादे! पुडी!" एक मिशीवाले आजोबा तर माझ्याच दिशेला तोंड करून मुठी आवळून ओरडत होते. मी म्हटलं, आता लाज धरली तर ह्यांचा हात मोडेल आणि पाप माझ्या माथी येईल. पंचांची शिट्टी वाजली, खेळ क्षणभर थांबला, तशी मी पिशवी घेऊन उठले आणि खाली मान घालून थेट रेषेपर्यंत गेले.

"अहो," मी म्हटलं, "देते आहे, देते आहे. सांगा त्यांना ओरडू नका म्हणून."

ह्यांचं तोंड मी आजवर विसरले नाही. सगळीकडून माती लागलेली, आणि त्यातून दोन डोळे. "अगं, काय देतेस?"

"विडा. आणि पुडी."

ह्यांनी मान खाली केली. मी कपाळाला भंडारा लावला, विडा हातात दिला. विडा घेऊन कबड्डी कशी खेळायची, म्हणून ह्यांनी तो पंचांच्या हातात दिला. पंचांनी खाल्ला. मग कोपऱ्यातला गडी, ज्याचा हात हे धरायचे, त्यानेही मान पुढे केली. आणि त्यामागून समोरच्या संघाचा चढाईवाला आला नि म्हणाला, "अक्का, एनक्कुम." मला पण. त्यालाही लावला. मी कोणाचं मन मोडणारी नव्हते.

परत जागेवर आले तर मामी पदरात तोंड घालून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी.

"अगे मुली, ते विडा मागीत नाहींत! तमिळांत विडादे म्हणजे सोडूं नको. पुडी म्हणजे धर. धर, सोडूं नको, असें म्हणताहेत गे!"

त्यानंतर महिनाभर मी घराबाहेर पडले नाही. पण कोपऱ्यातला गडी घरी यायला लागला. तो इथलाच, तमिळ, ह्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ह्यांना अण्णा म्हणायचा आणि मला अण्णी, म्हणजे वहिनी. मी त्यांना भाऊजी म्हणायची. दारात आले की हात पुढे करून म्हणायचे, "अण्णी, विडा दे!" आणि मी त्यांच्या हातावर कॉफीचा पेला ठेवायची. लाजणं तिथून थोडं थोडं उतरत गेलं.

त्या दहा हंगामांत ह्यांचं काय मोडलं नाही ते सांगणं सोपं. डाव्या हाताची करंगळी मोडली तेव्हा ती शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून खेळले. नाक दोनदा. खांदा एकदा निखळला, तो भाऊजींनीच मैदानावर बसवला. ताप अंगात घेऊन खेळले. मुलगी झाली त्या दिवशी सामना खेळून मग आले, आणि परिचारिकेने मातीच्या पायांनी आत घेतलं नाही म्हणून खिडकीतून मुलगी बघितली. एकदा तमिळ वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात भाऊजी हवेत सूर मारलेले, आणि कडेला एक कोपर आणि अर्धा कान. तो कान ह्यांचा. मी तो फोटो कापून ठेवला आहे. मुलगी लहान असताना पाहुण्यांना दाखवायची, "हा माझ्या अप्पांचा कान."

मधेच मातीची मैदानं गेली आणि रबरी गाद्या आल्या. गादीवर बूट घालून खेळायचं. अनवाणी मातीत वाढलेले बरेच गडी तेव्हाच सुटले. ह्यांच्या पायांच्या मापाचे बूट आवडीत कुठे मिळेनात. शेवटी मिळाले ते इतके लाल की भाऊजी म्हणाले, "अण्णा, आता भोंग्यावर तुमचं नाव नको, बूट दिसतो पुरे." पहिल्या दिवशी हे गादीवर तीनदा घसरून पडले. मग रोज संध्याकाळी जेवायच्या आधी क्वार्टरच्या फरशीवर बूट घालून पुढे-मागे, पुढे-मागे. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, घरात घोडा आणला का.

असे टिकत टिकत ते शेवटच्या हंगामाला आले. मास्टरांना, म्हणजे संघ शिकवणाऱ्यांना, ह्यांनी आपण होऊन सांगितलं होतं की ही स्पर्धा शेवटची. आणि इथे माझी करणी आली.

कबड्डीत वजनाची मर्यादा असते. ऐंशी किलोच्या वर गडी चालत नाही. स्पर्धेच्या सकाळी काट्यावर उभं करतात, आणि काटा पुढे गेला की नाव खोडलं. ह्यांचं वजन नेहमी काठावर असायचं. त्या वर्षी स्पर्धेआधी तीन महिने सामने नव्हते, आणि मी नुकतीच मामींकडून तुपातलं वेण पोंगल, म्हणजे तिकडची खिचडी, गोड पोंगल, मेदूवडे सगळं शिकले होते. वर गावाहून सासूबाईंनी शेंगदाण्याचे लाडू पाठवलेले. हे खात गेले, मी वाढत गेले. तीन आठवडे राहिले तेव्हा एक दिवस ह्यांच्या पँटचं बटण उडून मामींच्या तुळशीत पडलं.

"वजन करून बघा," मी म्हटलं.

"कारखान्याच्या दवाखान्यात केलं तर मास्टरांना दुपारच्या आत कळेल. राखीव गडी आजच बूट घालील."

मग मलाच युक्ती सुचली. दोन-तीन स्टेशनं पलीकडे एका स्टेशनावर वजनाचं यंत्र होतं, रंगीत दिवे फिरणारं, रुपया टाकला की वजनाचं तिकीट देणारं. तिथे आपल्याला कोण ओळखतं? आम्ही गेलो. भाऊजींनाही सांगितलं होतं, त्यांच्यापासून काही लपायचं नाही. दिवे फिरले, तिकीट पडलं. चौऱ्याऐंशी.

तिकिटाच्या पाठी इंग्रजीत भविष्य छापलेलं होतं. भाऊजींनी वाचलं आणि ह्यांच्याकडून शिकलेल्या मराठीत सांगितलं, "तुमचं मन फार हलकं आहे." मग ह्यांच्या पोटाकडे बघून म्हणाले, "मन हलकं, बरोबर आहे अण्णा. बाकीचं सगळं जड आहे."

त्या दिवसापासून घरात भात बंद. लाडूंचा डबा मी कपाटावर चढवला. सकाळी एक भाकरी, दुपारी ताक, संध्याकाळी उकडलेल्या भाज्या. ह्यांनी रेनकोट घालून चेन्नईच्या उन्हात धावायला सुरुवात केली. सगळी कॉलनी आभाळाकडे बघायची. मामींनी दोन दिवस वाळत घातलेले पापड आत नेले. एक दिवसाआड आम्ही स्टेशनावर. त्र्याऐंशी. ब्याऐंशी, आणि भविष्यात "लवकरच परदेशप्रवास". एक्क्याऐंशी. हे बोलेनासे झाले. जेवणाऱ्या माणसाकडे असे बघायचे की मामा, म्हणजे मामींचे यजमान, खिडकी लावून जेवायला लागले. शेवटच्या दोन दिवसांत पाणीही घोट घोट. आदल्या संध्याकाळचं तिकीट पडलं, पावणेऐंशी. भाऊजींनी त्या यंत्राला हात जोडले.

सकाळी स्पर्धेच्या ठिकाणी वजन झालं. मी बाहेर थांबले होते. भाऊजी बाहेर आले ते धड हसत नव्हते, धड रडत नव्हते.

"अण्णी, पास. सव्वासत्त्याहत्तर."

"म्हणजे एका रात्रीत अडीच किलो?"

"रात्र नाही, अण्णी. ते यंत्र. ते यंत्रच अडीच किलो खोटं बोलतंय."

म्हणजे एवढी उपासमार नकोच होती. दीड किलो उतरवायचं, तिथे मी ह्यांना सव्वाचार किलो वाळवलं होतं. मी म्हटलं, निदान आता तरी काही खा. पण पहिला सामना तासाभरातच होता आणि हे कधीच खाऊन खेळले नाहीत. लिंबूपाणी घेतलं, बूट बांधले. हरलेला संघ तिथेच बाद होणार होता, त्यामुळे हाच सामना शेवटचा ठरू शकत होता. मी पिशवीत पाच लाडू कागदाच्या पुडीत बांधून आणले होते, सामना संपला की द्यायला. ते मी भाऊजींना सकाळीच सांगितलं होतं, म्हणजे त्यांनी ह्यांना धीर द्यावा.

पहिला डाव मला बघवला नाही. ह्यांचा हात भाऊजींच्या हातात होता, पण अंग वेळेवर पोचत नव्हतं. भाऊजी पाय धरायचे आणि पाय निसटायचा. दोनदा, तीनदा. एकदा हे पडले ते उठताना जमिनीला हात टेकून उठले. दहा हंगामांत मी त्यांना हात टेकून उठताना पाहिलं नव्हतं. मध्यंतराची शिट्टी झाली. पाच मिनिटांची सुट्टी. हे बाकावर डोकं गुडघ्यांत घालून बसले, आणि मास्टर राखीव गड्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी समजावायला लागले. ते पोरगं उठून उड्या मारू लागलं.

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडून भाऊजी माझ्याकडे बघून ओरडले.

"अण्णी! पुडी! पुडी!"

एव्हाना मला तमिळ चांगलं येत होतं. भाजीवालीशी मी भांडत होते. मला वाटलं, भाऊजी म्हणतायत, तुम्ही पण ओरडा, अण्णांना जोर येऊ दे. दहा वर्षं मी सामन्यात तोंड उघडलं नव्हतं. पण ह्यांचं खाली गेलेलं डोकं बघितलं आणि उभी राहिले.

"पुडी!" मी ओरडले. "विडादे! पुडी!"

माझाच आवाज मला परका वाटला. आजूबाजूच्या बायका आधी बघत राहिल्या, मग त्याही उठल्या. मामी उठल्या. "विडादे! पुडी!" मध्यंतरात, रिकाम्या गादीकडे बघून तीस-चाळीस बायका ओरडत होत्या. पंच घड्याळ बघायला लागले.

भाऊजींनी दोन्ही हात कपाळावर मारले. मग धावत अर्धं मैदान ओलांडून आले.

"अय्यो अण्णी, तमिळ पुडी नाही! मराठी पुडी! लाडू पुडी! अण्णाला भूक लागला आहे!"

मला कळायला एक क्षण गेला. मग मी पिशवी उचलली आणि, या वेळी मान खाली न घालता, रेषा ओलांडून गादीवरून तशीच चपला घालून बाकापर्यंत गेले. मागून कोणीतरी "चप्पल, चप्पल" ओरडलं. असू दे.

"अहो, हे घ्या."

"खाऊन मी खेळत नाही."

"न खाता तर अजिबातच नाही," मी म्हटलं. "ते पोरगं बघा, उड्या मारतंय."

हे पोराकडे बघून एक लाडू पुरता तोंडात घालते झाले. मग दुसरा. भाऊजी पाण्याची बाटली धरून उभे. मास्टर म्हणाले, "हे काय चाललंय, इथे लग्न आहे का?" त्यांना मी लाडू दिला. त्यांनी तो हातात घेतला, ह्यांच्याकडे बघितलं, आणि राखीव गड्याला खाली बसायची खूण केली. त्यालाही मग एक लाडू दिला, पोराचा हिरमोड झाला होता.

दुसऱ्या डावात हे उभे राहिले. तिसऱ्या-चौथ्या चढाईला भाऊजींनी सूर मारला, पाय धरला, आणि हे पूर्वीसारखे, दार लावावं तसे, मध्ये येऊन पडले. चढाईवाला जिथल्या तिथे. नंतर आणखी चार वेळा तसंच. भोंग्यावरून पाचही वेळा भाऊजींचं नाव. आम्ही तीन गुणांनी हरलो. पहिल्या डावात गेलेले गुण भरून आले नाहीत. पण शेवटची शिट्टी वाजली तेव्हा हे गादीवर होते, बाकावर नव्हते.

मी म्हटलं, "माझ्यामुळे हरलात."

"हरणं काय, पुष्कळ वेळा हरलोय," हे म्हणाले. "बाहेर बसलो नाही ना?" आणि मग, "एक लाडू राहिला होता ना?"

तो राहिलेला लाडू मामींनी खाल्ला होता.

परतीच्या गाडीत दुपारची वेळ, डबा निम्मा रिकामा. मामींचा डोळा लागला होता. माझ्या समोरच्या बाकावर हे आणि भाऊजी, दोघंही बसल्या बसल्या झोपलेले, डोकी एकमेकांवर. आणि हात धरलेला. ह्यांच्या उजव्या पंजात भाऊजींचा डावा पंजा, बोटांत बोटं अडकवून, मैदानात धरतात तसा. शेजारची एक बाई कधी त्या हातांकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मी तिला तमिळमध्ये सांगितलं, सवय आहे हो त्यांना, दहा वर्षांची. ती म्हणाली, मग सोडवायला तुम्हाला जोर लागेल.

आवडी आली. मी उठले, दोघांच्या हातांवर माझा हात ठेवला आणि हलकेच म्हटलं, "विडुंग, भाऊजी. विडुंग."

सोडा आता.